पांढरी पाचची घरघर

भारतातल्या घरगुती स्टुडिओत एक नकोसा सूर कायम दबा धरून बसलेला असतो. तो पांढरी पाचच्या किंचित वर लागतो, आणि तोही पेटीच्या खर्जाच्या पार खाली. आपली वीज 50 हर्ट्झची आणि त्या खोल सप्तकातली पांढरी पाच 49 हर्ट्झची, म्हणून हा शेजार. छोट्या स्पीकरमधून इतका खालचा सूर निघत नाही, तेव्हा त्याचाच वरचा षड्ज, म्हणजे 100 हर्ट्झ, ऐकू येतो. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असल्यामुळे तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी पडते. हेडफोनमधली कुरकुर पेटीवर पांढरी पाचपाशी सापडली, तर गुन्हेगार मायक्रोफोन नाही आणि सॉफ्टवेअरही नाही. घरातली वीज रेकॉर्डिंगमध्ये शिरली आहे.

आरोप मात्र दरवेळी एकाच वस्तूवर होतो. टेबलावरचं ते छोटं खोकं, म्हणजे ऑडिओ इंटरफेस. आपल्याकडे अजूनही बरेच जण त्याला साउंडकार्डच म्हणतात. मायक्रोफोनकडून येणारा काही मिलिव्होल्टचा सिग्नल ते गरजेनुसार हजारपटीपर्यंत वाढवतं, सेकंदाला 44,100 किंवा 48,000 वेळा मोजतं आणि ते आकडे यूएसबीतून संगणकाला देतं. रूपर्ट नीव्ह यांनी 1985 मध्ये सुरू केलेली फोकसराइट ही कंपनी आधी बड्या स्टुडिओंसाठी यंत्रं बनवायची. तिचंच लाल रंगाचं स्कारलेट 2आय2 हे खोकं 2011 मध्ये आलं आणि जगभरच्या बेडरूममध्ये जाऊन बसलं. स्टुडिओ घरात आला, पण स्टुडिओतला तंत्रज्ञ काही घरात आला नाही.

खरी पंचाईत तिथेच आहे. हे खोकं दोन धंद्यांच्या सीमेवर उभं असतं. संगणक दुरुस्त करणाऱ्याला आवाजातलं कळत नाही, साउंडवाला संगणकाला हात लावत नाही, आणि दोघंही बोट दाखवतात ते खोक्याकडे. बिचारं बदललं जातं. नवं येतं, आणि घरघर जागच्या जागी राहते.

त्यामुळे पहिला प्रश्न एवढाच, की दोष सीमेच्या अलीकडचा की पलीकडचा? बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबलं की मायक्रोफोनचा आवाज संगणकाला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये येतो. तिथे आवाज स्वच्छ असेल आणि रेकॉर्डिंगमध्ये खराब, तर मायक्रोफोन, वायर आणि अँप्लिफायर निर्दोष सुटले. तिथेही खराब असेल, तर सॉफ्टवेअरच्या सेटिंग उलटसुलट करण्यात रात्र घालवू नये. या एका बटणाने निम्मं काम होतं, आणि तेच लोक सर्वांत शेवटी दाबतात.

अलीकडच्या बाजूला वीज राज्य करते. कंडेन्सर मायक्रोफोनला 48 व्होल्ट लागतात. खोक्यावरचं 48 व्होल्टचं बटण बंद राहिलं तर तो जवळजवळ मुका होतो. हा 48चा आकडा नॉर्वेतून आलेला आहे. 1966 मध्ये न्यूमन कंपनीने तिथल्या सरकारी नभोवाणीसाठी मायक्रोफोन बनवले, आणि त्या स्टुडिओंत आपत्कालीन दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय आधीच होती. नॉर्वेत ठरलेल्या या व्यवस्थेला आपला पावसाळा मात्र सोसत नाही. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये हाच मायक्रोफोन तडतडायला लागतो, कारण आतल्या नाजूक पडद्यावर ओल धरते आणि वीज नको तिथून झिरपते. तो मेलेला नसतो. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवला, तर बहुधा ताळ्यावर येतो.

पांढरी पाचच्या घरघरीचं नेहमीचं कारण म्हणजे अर्थिंगचा लूप. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर, आणि दोन्ही अर्थ यूएसबीच्या वायरीतून पुन्हा एकमेकांना भेटतात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. घरघर थांबली तर निदान झालं. सगळी यंत्रं एकाच एक्सटेन्शन बोर्डावर घ्यावीत आणि स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड वायर वापरावी. अर्थची पिन तोडणारे महाभाग आहेत. घरघर त्यानेही थांबते, पण पुढच्या बिघाडात गिटारच्या तारांना वीज येऊ शकते. घरघरीऐवजी कर्कश बझ असेल, तर आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर बंद करून बघावेत.

या बाबतीत जुने लोक शहाणे होते. 1983 मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना जोडणारं मिडी आलं, तेव्हा त्याच्या रचनाकारांनी प्रत्येक इनपुटमध्ये ऑप्टो-आयसोलेटर सक्तीचा केला. माहिती प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जाते, दोन यंत्रांची वीज एकमेकींना शिवत नाही, लूप होतच नाही. 1996 मध्ये आलेल्या यूएसबीत अशी भिंत नाही. संगणकाच्या पोटातला गोंगाट त्या वायरीतून सरळ खोक्यात येतो. माउस हलवला की हेडफोनमधली बारीक शिटी बदलते, ती हीच. यूएसबीचा व्यवहार ठरावीक ठोक्याने चालतो, जुन्या वेगात सेकंदाला 1,000 आणि नव्यात 8,000 वेळा. शिटीचा सूर बऱ्याचदा त्याच आकड्यांपाशी सापडतो.

सीमेपलीकडे चुटक्या आणि तडतड ऐकू येते, आणि तिथे तबलजीचा कान उपयोगी पडतो. चुटक्या लयीत, ठरावीक अंतराने पडत असतील, तर दोन डिजिटल यंत्रं आपापल्या घड्याळाने चालली आहेत. एकालाच मुख्य करून दुसऱ्याला त्याच्यामागे चालायला लावावं. बेताल पडत असतील, तर संगणकाची दमछाक होते आहे. मग बफर, म्हणजे आवाजाचे नमुने तात्पुरते साठवण्याची जागा, वाढवावा, वायफाय बंद करून पाहावं. 256 नमुन्यांचा बफर म्हणजे 44,100च्या दराने साधारण 6 मिलिसेकंदांचा उशीर, आणि येण्याजाण्यात तो दुप्पट होतो. गाताना तो खटकतो, मिक्सिंगला फरक पडत नाही.

काळी एकमधलं गाणं वाजवताना पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे लागलं आणि लयही चढली, तर 44,100चं रेकॉर्डिंग 48,000च्या दराने वाजतं आहे. यंत्राला काहीही झालेलं नाही.

संगणकाला खोकं दिसतच नसेल, तर वायर बदला. मोबाईलच्या कित्येक स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, माहितीच्या तारा त्यांत नसतातच. खोकं दिसतं पण आवाज शून्य, तर मायक्रोफोनची परवानगी तपासा. मॅकवर 2018पासून परवानगी नसलेल्या प्रोग्रामला केवळ शांतता मिळते.

खऱ्या अर्थाने खोकं मरतं तेही बहुधा ठणठणीत असताना. फायरवायर या जुन्या जोडणीवर चालणारे उत्तम इंटरफेस आजही आवाजात कमी नाहीत, पण नव्या लॅपटॉपना ते भोकच उरलं नाही, आणि 2025च्या मॅकओएसने फायरवायरचा आधारही काढून टाकला. ड्रायव्हर लिहिणं थांबवून चालू यंत्र भंगारात घालवणं, हा माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा बिघाड आहे. त्या मानाने अ‍ॅडॉप्टरमधला सुकलेला कपॅसिटर किंवा यूएसबी सॉकेटचा सुटलेला सोल्डर म्हणजे किरकोळ गोष्ट. कुशल हाताला तासाभराचं काम.

तेव्हा दुरुस्तीला जाताना नुसतं खोकं नेऊ नका. त्याचा अ‍ॅडॉप्टर न्या, रोजची वायर न्या, आणि बिघाडाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर ठेवा. दुकानात गेल्यावर यंत्रं हटकून शहाण्यासारखी वागतात.