मोडलेल्या हातांचं पत्र

जर्मनीतल्या बांबेर्ग शहरात १६२६ ते १६३१ या काळात चेटकाच्या आरोपावरून शेकडो माणसांना मारलं गेलं. योहानेस युनियुस तर तिथला नगराध्यक्ष. १६२८ साली त्यालाही पकडलं. अंगठे चेपले, दोरीने उंच टांगून खाली सोडलं. अखेर जल्लादानेच विनवलं, ‘खरं-खोटं काहीही कबूल कर.’ त्याने कबुली दिली. मग साथीदारांची नावं सांग, असा तगादा सुरू झाला. एका कबुलीतून पुढचे आरोपी असे तयार होत.

२४ जुलैला मोडलेल्या हातांनी त्याने मुलीला, वेरोनिकाला, पत्र लिहिलं: मी निर्दोष आहे, कबुली खोटी आहे. ऑगस्टमध्ये त्याला मृत्युदंड झाला. पत्र मात्र उरलं. छळातून आलेला कबुलीजबाब कसा वाचायचा, हे ते आजही शिकवतं.