दोन घरांचं एक स्पेन

स्पेन म्हटलं की आपल्याला अजूनही २०११चा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’च आठवतो. तीन मित्र, उघड्या टपाची गाडी आणि टोमॅटोंची रंगपंचमी. त्या सिनेमात कुणाला कॉलेजचं बोनाफाइड काढावं लागत नाही, कुणाच्या आजीला साडेआठच्या गोळीआधी जेवायचं नसतं आणि हॉटेलचे रेट बघून कुणाची आई गप्प होत नाही. आपल्यापैकी अनेकांची पहिली परदेशवारी मात्र अशीच ठरते. मित्रांबरोबर नाही, तर आई-बाबा आणि त्यांचे मित्र, म्हणजे ‘दोन फॅमिली’ मिळून. एकत्र गेलं की स्वस्त पडतं, सोबत होते, असं मोठ्यांचं म्हणणं. आणि प्लॅनिंग? "तुम्हा मुलांना ते ऑनलाइन सगळं जमतं," या एका वाक्यात ते आपल्या गळ्यात पडतं.

सध्या ते माझ्या गळ्यात आहे. आमच्याकडून आई, बाबा, मी आणि चौदा वर्षांचा भाऊ. दुसऱ्या घरातून बाबांचे मित्र, म्हणजे काका, काकू, माझ्याच वयाची त्यांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या आजी. ठाण्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही समोरासमोर राहायचो. ग्रुपचं नाव ‘ओला स्पेन’. ओला म्हणजे स्पॅनिशमध्ये हॅलो. बाबांना बरेच दिवस वाटत होतं की तिकडे तेव्हा पाऊस असतो.

पाऊस नाही, ऊन असतं. आणि आमचा पहिला वाद त्यावरूनच झाला.

आधी तारखा, मग गावं

मैत्रिणीची परीक्षा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपते, भावाची शाळा जूनच्या मध्यात उघडते. म्हणजे मेअखेर ते ९ जून एवढीच खिडकी. काकांची यादी होती माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा, व्हॅलेन्सिया, बार्सिलोना. दहा रात्रींत सात गावं! "आपल्याला उन्हाची काय भीती, आपण ठाण्याचे," हा त्यांचा मुद्दा.

पण दक्षिण स्पेनचं ऊन ही वेगळी गोष्ट आहे. कोर्दोबात २०२३ साली एप्रिल महिन्यातच पारा ३८.८ अंशांवर गेला होता. त्याच भागात ऑगस्ट २०२१मध्ये ४७च्या वर तापमान नोंदवलं गेलं. सेव्हिलने तर २०२२पासून उष्णतेच्या लाटांना वादळांसारखी नावं द्यायला सुरुवात केली. पहिलीचं नाव होतं ‘सोए’. जूनच्या सुरुवातीला एवढं टोक बहुधा नसतं, पण गुडघा दुखणाऱ्या आजींना घेऊन दगडी गल्ल्यांतून फिरायला तिशीतलं तापमानही पुरतं.

शिवाय तिकडचं घड्याळ आपल्याला फसवतं. आपला हिशेब असा की बारा वाजता सूर्य डोक्यावर, चारनंतर उतरतं ऊन. स्पेन नकाशात इंग्लंडच्या खाली आहे, पण १९४०मध्ये फ्रँकोच्या राजवटीत त्याची घड्याळं एक तास पुढे केली गेली आणि ती तशीच राहिली. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास मिळतो. त्यामुळे माद्रिदमध्ये जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास, आणि खरा तडाखा असतो संध्याकाळी पाच-सहाला. मावळतो साडेनऊनंतर. ‘जेवून जरा पडू आणि चारला निघू’ हा आपला हातखंडा प्लॅन तिथे सगळ्यात वाईट प्लॅन आहे.

हे सगळं सांगून मी गावं कापत गेले. शेवटी उरलं माद्रिद पाच रात्री, बार्सिलोना पाच रात्री. तोलेदो माद्रिदहून ट्रेननं अर्ध्या तासावर आहे, म्हणून ते अजून लटकलंय. कापताना मलाही लागलं, कारण ग्रानादाचा अल्हाम्ब्रा हे माझं स्वप्न होतं. पण तिथली तिकिटं नावावर असतात, पासपोर्ट दाखवावा लागतो आणि आतल्या नासरी महालांसाठी ठरलेली वेळ मिळते. ती चुकली की महाल चुकला. आठ जणांना एका मिनिटाला एका दारात उभं करणं आमच्याच्यानं लग्नातसुद्धा झालेलं नाही.

पैशांचं कोण बोलणार?

खरी अडचण ऊन नव्हती. काकांचा धंदा आता छान चाललाय, ते मोठ्या फ्लॅटमध्ये गेलेत. आमच्याकडे माझ्या मास कॉमच्या फीचे हप्ते आत्ताच संपलेत आणि बाबा दोन वर्षांत रिटायर होतील. काका मनापासून म्हणायचे, "चांगलंसं हॉटेल बघ गं, सारखं सारखं थोडीच जातो आपण." ते दिलदार आहेत, म्हणूनच त्यांना काही बोलणं अवघड. आई त्यांच्यासमोर "हो हो" म्हणायची आणि रात्री डायरी घेऊन बसायची. युरो शंभरीच्या पुढे आहे. शंभरनं गुणणं सोपं असतं, त्यामुळे आकडा जास्तच पटकन दिसतो.

कॉलेजच्या ट्रिपला आपण बिनधास्त विचारतो, ‘कॉन्ट्री किती?’ ज्याला परवडत नाही तो सरळ सांगतो. वीस-पंचवीस वर्षांच्या मैत्रीत मोठ्यांना हा प्रश्न विचारता येत नाही. मग आम्ही दोघी मुलींनी एक गोष्ट केली. दोन्ही घरांना सांगितलं की तुमचा जास्तीत जास्त आकडा फक्त आम्हाला कळवा, ग्रुपवर नको. राहणं, ट्रेन, मोठी तिकिटं अशा सगळ्या सामाईक गोष्टी कमी आकड्यात बसवायच्या. त्यावर ज्याला जे हवं ते त्याने आपलं आपलं करावं. कमी आकडा कुणाचा, ते आम्ही सांगणार नाही.

मैत्रिणीला अर्थातच दिसला. ती काही बोलली नाही. शीटमध्ये तिने स्वतः टाकलेलं, छतावर स्विमिंग पूल असलेलं बार्सिलोनाचं हॉटेल त्या रात्री गायब होतं, एवढंच.

तुमच्या घरी अशी ट्रिप ठरत असेल तर गावं ठरवायच्या आधी हे करा, असं मी म्हणेन. नंतर केलं तर प्रत्येक कापलेली गोष्ट कुणाच्या तरी नावावर लागते.

पुढचा सुरुंग म्हणजे राहणं. आठ जणांचं एक मोठं अपार्टमेंट माणशी स्वस्त दिसतं, पण सकाळी आठ माणसं आणि दोन बाथरूम हा हिशेब साइटवर दिसत नाही. मी म्हटलं, वेगवेगळं राहू. काकूंचा चेहरा उतरला. "एकाच गावात जाऊन वेगळं राहायचं? भांडलोय का आपण?" त्यावर तोडगा निघाला अपार्ट-हॉटेलचा. एकाच इमारतीत दोन वेगळी युनिट्स, प्रत्येकात छोटं किचन. काकांनी स्वतःसाठी मोठं घेतलंय, आम्ही साधं. दारं दोन, लिफ्ट एक.

अपार्ट-हॉटेलच का, याला आणखी एक कारण आहे. बार्सिलोनात पर्यटकांना दिवसांवर दिलेल्या फ्लॅट्समुळे स्थानिकांची भाडी आवाक्याबाहेर गेली, असा तिथे मोठा राग आहे. जुलै २०२४मध्ये निदर्शकांनी रेस्टॉरंटमध्ये बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. शहराच्या महापौरांनी तर अशा सुमारे दहा हजार फ्लॅट्सचे परवाने २०२८नंतर चालू ठेवणार नाही, असं जाहीर केलंय. कुणाच्या तरी बिल्डिंगमध्ये दहा दिवस सुटकेसेस ओढत, रात्री बाराला जिन्यात गप्पा मारत राहायचं, हे आम्हा दोघींना पटेना. फ्लॅटच घेणार असाल तर निदान जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा.

रोजच्या खर्चासाठी आमच्याकडे एक सामाईक पाकीट आहे, मेट्रो, पाणी, आइस्क्रीम एवढ्यापुरतं. हॉटेलातलं बिल ज्याचं त्याचं, कारण काकांचा सांग्रिया आणि आमचा लिंबूपाणी छाप हात यांचं निम्मं-निम्मं होऊ शकत नाही. मेट्रोतही गंमत आहे. माद्रिदमध्ये दहा फेऱ्यांचं तिकीट एका कार्डावर भरून अनेकांना वापरता येतं. बार्सिलोनाचं लोकप्रिय दहा फेऱ्यांचं ‘टी-कॅज्युअल’ मात्र एकाच माणसाचं. वाटून वापरायचं तर आठ फेऱ्यांचं ‘टी-फमिलियार’. बार्सिलोनात राहण्यावर माणशी, रात्रीमागे पर्यटन करही लागतो. सोळा वर्षांपर्यंतच्यांना तो माफ आहे, त्यामुळे ट्रिपमधली पहिली बचत भावाच्या नावावर जमा आहे आणि तो ते विसरू देत नाही.

साडेआठची गोळी

स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं नऊनंतर. मधे बऱ्याच ठिकाणी किचन बंदच. आजींची गोळी साडेआठला, जेवणानंतर. हा प्रश्न कुठल्याही रील्समध्ये सापडणार नाही, पण आमच्या सगळ्या संध्याकाळी यावर उभ्या आहेत. म्हणून दुपारचं जेवण मोठं, बाहेर. आठवड्याच्या दिवसांत बहुतेक हॉटेलांत ‘मेनू देल दिआ’ असतं; दोन पदार्थ, ब्रेड, काहीतरी गोड किंवा कॉफी असं ठरलेल्या किमतीत, आपल्या थाळीसारखं. मग रूमवर आराम, आजींचा खिचडी-भात सातला किचनमध्ये, आणि साडेआठनंतर ज्यांना जमेल ते बाहेर.

आई, काकू आणि आजी शाकाहारी. इथे शब्द जपून वापरावे लागतात. ‘सिन कार्ने’, म्हणजे बिनमांसाचं, सांगितलं तरी सॅलडवर टुना येऊ शकतो, कारण मासा म्हणजे मांस नाही, आणि ‘हामोन’ म्हणजे वाळवलेलं हॅम हे अनेकांना नुसती चव वाटते. तोर्तिया म्हणजे पोळी नव्हे, अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट. आजी अंडंही खात नाहीत. त्यांच्यासाठी टोमॅटो चोळलेला ब्रेड, गार टोमॅटोचं गास्पाचो सूप, तळलेल्या पाद्रोन मिरच्या आणि पातातास ब्राव्हास. त्याच्या सॉसमध्ये काय आहे ते विचारून. नळाचं पाणी मोफत मागता येतं, २०२२च्या कायद्यानं हॉटेलांनी ते द्यायलाच हवं.

आणि तूप. आजींनी बरणी काढून ठेवली होती. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर सगळं बाद. मेतकूट आणि भाजणी चालेल. ही बातमी सांगायचं काम माझ्याकडे आलं, हे वेगळं सांगायला नको.

एकालाच व्हिसा मिळाला तर?

हा प्रश्न काकूंनी विचारला आणि व्हिडिओ कॉलवर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्याचा त्याचा असतो. आठ माणसं, आठ फाइली. मोठ्यांचे आयटीआर, बँक स्टेटमेंट, सुट्टीचं पत्र. आमच्यासाठी बोनाफाइड आणि पालकांचं खर्चाचं हमीपत्र. प्रत्येकाचा किमान ३० हजार युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. फी माणशी ९० युरो आणि बाराच्या पुढचा भाऊ पूर्ण तिकिटात. म्हणजे नुसत्या फीचेच ७२० युरो, नकार आला तरी न परतणारे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटसाठी झुंबड उडते, त्यामुळे शेवटच्या मिनिटाला जागणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही एक गोष्ट लवकर करावी.

काकूंच्या प्रश्नावर बाबाच आधी बोलले. "ज्यांना मिळेल त्यांनी जायचं. राहिलेल्यांनी विमानतळावर सोडायला यायचं." काका म्हणाले, आम्ही नाही जाणार तुमच्याशिवाय. त्यावर दोघांची दहा मिनिटं वादावादी झाली. शेवटी बाबांचं म्हणणं राहिलं आणि ते आम्ही शीटमध्ये लिहून ठेवलं. त्यामुळे राहण्याची सगळी बुकिंग्ज कॅन्सल होणारी घेतलीत, थोडी महाग पडली तरी. माद्रिद-बार्सिलोना ट्रेनचं तिकीट व्हिसानंतर. २०२१पासून त्या मार्गावर सरकारी रेल्वेशिवाय इतर कंपन्याही धावतात, त्यामुळे भाव दिवसागणिक हलतात. अडीच-तीन तासांत सहाशेवर किलोमीटर. आमने-सामने चार सीट आणि मधे टेबल अशी जागा मिळते. आठ जणांची दोन टेबलं. एक टेबल बायकांचं, असं आजींनी आत्ताच जाहीर केलंय.

आमच्या दोघींचीही एक अट होती : माद्रिदमधली एक रात्र आमची. मेट्रो रात्री दीडपर्यंत चालते, हा पुरावा सादर करून साडेबारापर्यंतची परवानगी मिळाली. आईनं अट घातली की लोकेशन ऑन ठेवायचं. काकूंनी अट घातली की काहीतरी खाऊन यायचं. बाबांची गेर्निकाची संध्याकाळही ठरली. पिकासोचं ते चित्र रेना सोफिया म्युझियममध्ये आहे, ते मंगळवारी बंद असतं. प्रादो रोज शेवटचे दोन तास मोफत असतं, ते काकांना आणि आईला वेगवेगळ्या कारणांसाठी आवडलं.

पुढच्या आठवड्यात व्हिसाची अपॉइंटमेंट आहे. शीटमध्ये माद्रिदचा मंगळवार अजून रिकामा आहे. काकांनी त्यात दोनदा ‘तोलेदो’ लिहिलं आणि आईनं दोनदा ते पुसून ‘काही नाही’ असं लिहिलंय.