विश्लेषण : वैमानिक व्हायचे, पण शिकायचे कुठे? नागपूर, गोंदिया की परदेश?

बारावीचा निकाल लागला की नागपुरातील अनेक घरांत वैमानिक प्रशिक्षणाची चौकशी सुरू होते. गोंदियाजवळच्या बिरसी येथे प्रशिक्षण संस्था आहे, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची अकादमी जाहीर झाली आहे आणि सोनेगावला शहराचा स्वतःचा फ्लाइंग क्लब आहे. त्यामुळे घराजवळ राहूनच पायलट होता येईल, असे वाटू लागते. मात्र हा निर्णय अर्धा कोटी रुपयांचा असतो आणि त्यासाठी अनेकदा घर किंवा शेती गहाण पडते. म्हणूनच जवळची संस्था कोणती यापेक्षा तेथे उड्डाणाचे तास वेळेत पूर्ण होतात का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

परवान्यासाठी काय लागते?

व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. त्यासाठी वय किमान १८ वर्षे आणि बारावीत भौतिकशास्त्र व गणित हे विषय लागतात. कला, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊ शकतात. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन आणि टेक्निकल विषयांच्या परीक्षांत ७० टक्के गुण हवेत. विमानातील रेडिओ वापरण्यासाठी आरटीआर परवानाही लागतो. याशिवाय एकूण २०० तास उड्डाण करावे लागते. त्यातील १०० तास वैमानिकाने स्वतः कमांडर म्हणून केलेले असावे लागतात. रात्रीच्या उड्डाणाची आणि केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची अटही यात आहे.

सर्वात आधी वैद्यकीय तपासणी का?

प्रशिक्षणार्थ्याला आधी ‘क्लास टू’ आणि परवान्यासाठी ‘क्लास वन’ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, श्रवण, हृदय, रक्त आदींची तपासणी होते. चष्मा असला म्हणजे संधी गेली, असे नाही. ठरावीक मर्यादेत तो चालतो. मात्र काही दोष असे असतात की ते रोजच्या जगण्यात जाणवतही नाहीत, पण तपासणीत अडतात. शुल्क भरल्यावर हे कळले तर पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जातात. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वीच ‘क्लास टू’ करून, शक्य तितक्या लवकर ‘क्लास वन’ही करून घेणे शहाणपणाचे. हे प्रमाणपत्र एकदाच मिळवून भागत नाही. चाळिशीच्या आतील वैमानिकालाही ते दरवर्षी नव्याने मिळवावे लागते.

खर्च आणि कर्जाचे गणित काय?

देशात सीपीएलसाठी साधारण ४० ते ६० लाख रुपये लागतात. त्यापुढे एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखे विशिष्ट विमान चालवण्यासाठीचे ‘टाइप रेटिंग’ असते. त्याचा खर्च आणखी १२ ते २० लाखांच्या घरात जातो. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला बँका साधारणतः तारण मागतात. समजा ५० लाखांचे कर्ज १० टक्के दराने घेतले आणि दोन वर्षे व्याज भरले नाही, तर देणे ६० लाखांवर जाते. ते दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे ७९ हजार रुपये पडतो. नोकरी लागण्यास एक वर्ष उशीर झाला तर हा हप्ता घरातील कोण भरणार, याचे उत्तर अर्ज करण्यापूर्वीच ठरलेले हवे. इतर मागासवर्ग, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘महाज्योती’ने वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही सीपीएलचा समावेश आहे. या प्रवर्गांतील विद्यार्थ्यांनी चालू वर्षाची जाहिरात आधी पाहावी.

विदर्भात पर्याय कोणते?

नागपूर फ्लाइंग क्लब सरकारी असून विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीत चालतो. डीजीसीएची मान्यता संपल्याने २०१७ मध्ये येथील प्रशिक्षण थांबले आणि ते पुन्हा सुरू होण्यास काही वर्षे लागली. संस्था जुनी किंवा सरकारी असली तरी मान्यता, विमाने आणि प्रशिक्षक नसतील तर विद्यार्थी जमिनीवरच राहतो, हा त्यातील धडा. बिरसीची नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून उभारली. बेलोऱ्यात ३४ विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक, अशी योजना एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केली. राज्यात बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव येथेही प्रशिक्षण संस्था आहेत. कोणत्याही ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता आज लागू आहे का, हे डीजीसीएच्या यादीत तपासावे.

विदर्भातील हवामानाचा परिणाम होतो का?

होतो. हिवाळ्यात आकाश निरभ्र असल्याने तास लवकर भरतात. पावसाळ्यात ढग आणि कमी दृश्यमानतेमुळे अनेक दिवस उड्डाण होत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की हवा विरळ होते. मग इंजिनाची ताकद आणि पंखांना मिळणारी उचल दोन्ही कमी होते, शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत छोट्या विमानाला हेलकावे देतात. अशा वेळी उड्डाणे पहाटे आणि सकाळीच उरकावी लागतात. सोनेगावसारख्या विमानतळावर प्रवासी विमानांना प्राधान्य असल्याने प्रशिक्षणार्थ्याला थांबावेही लागते. लहान, कमी वर्दळीच्या धावपट्ट्यांवर ही अडचण कमी असते.

संस्था कशी पारखावी?

महिन्याला २० तास उड्डाण मिळाले तर २०० तास दहा महिन्यांत होतात. दहाच तास मिळाले तर वीस महिने लागतात. लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे व्याज आणि वसतिगृहाचा खर्च पालकांच्या माथी बसतो. म्हणून आज उडण्याच्या स्थितीत किती विमाने आहेत, एका विमानामागे किती विद्यार्थी आहेत, प्रशिक्षक किती आहेत, रात्रीच्या उड्डाणाची सोय आहे का, हे विचारावे. गेल्या दोन तुकड्यांना प्रत्यक्षात किती महिने लागले, हे तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांकडूनच जाणून घ्यावे. सगळे शुल्क एकरकमी भरू नये. उड्डाण तासांप्रमाणे हप्ते आणि परताव्याची अट लेखी घ्यावी.

सुरक्षेची नोंदही पाहावी. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळून प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघांचा मृत्यू झाला होता. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देणे सुरू केले. पहिल्या यादीत एकही संस्था सर्वोच्च श्रेणीत आली नाही. ही यादी दर सहा महिन्यांनी येते. आपल्या संस्थेचे स्थान त्यात नक्की पाहावे.

परदेशात शिकणे फायद्याचे का?

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड येथे विमानांची संख्या आणि हवामान यांमुळे तास अनेकदा वेगाने पूर्ण होतात. पण परदेशी परवान्यावर भारतीय विमान कंपनीत उडता येत नाही. परत आल्यावर डीजीसीएच्या परीक्षा आणि उड्डाण चाचण्या देऊन तो भारतीय परवान्यात बदलावा लागतो. व्हिसा, रुपयाची घसरण आणि या बदलासाठी लागणारे महिने धरूनच तुलना करावी. भारतातील परीक्षा आधी उत्तीर्ण होऊन गेल्यास हा काळ कमी होतो.

नोकरी नक्की मिळते का?

एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७०, तर इंडिगोने जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले. तो तेव्हाचा उच्चांक होता. मागणी मोठी आहे, पण नवख्या वैमानिकांची रांगही मोठी आहे. जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आल्या, तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिकही याच रांगेत आले. नोकरी नसली तरी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवण्याचा खर्च थांबत नाही. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत नोकरीचा मार्ग अधिक स्पष्ट असतो. मात्र खर्च कोटीच्या घरात जातो आणि नियुक्ती अटींवर अवलंबून असते.

त्यामुळे आधी वैद्यकीय तपासणी, मग लेखी परीक्षांची तयारी, त्यानंतर कर्जाचा हिशेब आणि शेवटी संस्थेची निवड, हा क्रम पाळलेला बरा. पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च एकूण खर्चाच्या तुलनेत अगदी कमी आहे. तेथे अडले तर शेत गहाण पडत नाही आणि दुसरा अभ्यासक्रम निवडायला वेळही उरतो.