दवाखान्यात न होणारं बोलणं

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांनी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलेलं आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही, आणि तांबी किंवा गोळ्या वापरणाऱ्या स्त्रिया अगदी मोजक्या आहेत. हे आकडे पाहून आपल्याकडच्या बायकांना ऑपरेशनच पसंत आहे, असा निष्कर्ष काढता येईल. पण पसंती म्हणायला समोर चार पर्याय तरी असावे लागतात. देशभरात हे ऑपरेशन होतं तेव्हा बाई साधारण पंचविशीत असते, दोन बाळंतपणं झालेली असतात, आणि त्याआधी कुठलंही आधुनिक साधन तिने वापरलेलंच नसतं, असं सर्रास आढळतं. म्हणजे पहिलं मूल कधी, दुसरं किती अंतराने हे ठरवायची जी वर्षं, ती डॉक्टरांशी या विषयावर चकार शब्द न काढता निघून जातात. त्याच पाहणीत, साधन न वापरणाऱ्या स्त्रियांपैकी देशभरात जेमतेम चौथा हिस्सा स्त्रियांशी आरोग्य कर्मचारी या विषयावर कधी तरी बोलले होते. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली, आणि या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. साधनं तेव्हा दुर्मीळ होती. आज ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. दुर्मीळ आहे ते बोलणं. आणि साधनाचा गुण निम्मा त्या बोलण्यावरच अवलंबून असतो.

हे वैद्यकीयदृष्ट्याही खरं आहे. रोज घ्यायची साधी संततिप्रतिबंधक गोळी घ्या. बहुतेक निरोगी तरुण स्त्रियांना ती सुरक्षित असते. पण डोकं दुखायच्या आधी जिला डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा दिसतात, अशा अर्धशिशीच्या रुग्णाला ती देऊ नये, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्तदाब फार असेल, पायात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तरी नको. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने दोन संप्रेरकांची ही गोळी टाळायला सांगतात. क्षयावरच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरची काही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात, म्हणजे बाई नेमाने गोळी घेते आणि तरीही दिवस जातात. क्षयाचे इतके रुग्ण असलेल्या देशात हा प्रश्न न विचारणं परवडणारं नाही. तांबीचंही तसंच. एकदा बसवली की प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षं निर्धास्त. पण पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकतं, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी म्हणून तांबी वर्ज्य ठरत नाही, पण आधी पाळीत किती जातं हे विचारून घ्यायला हवं. (तांबी वर चढून काळजात जाते, ही समजूत अजून जिवंत आहे. तीही बोलूनच जाईल, भिंतीवरच्या पोस्टरने नाही.) सरकारी योजनेत २०१७ पासून मिळणारं ‘अंतरा’ हे इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं असतं. घरात गोळ्यांचं पाकीट कुणाच्या हाती लागू नये असं वाटणाऱ्या बाईला ते सोयीचं. मात्र ते सोडल्यावर दिवस राहायला कित्येक महिने लागू शकतात, तेव्हा वर्षभरात मूल हवं असणारीने ते घेण्याआधी दोनदा विचार करावा. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली गोळी. तिच्यात संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. ज्यांना संप्रेरकं चालत नाहीत, त्यांच्यासाठीही अशी गोळी आहे हे कुणी सांगत नाही. यातली निम्मी माहिती डॉक्टरांकडे असते आणि निम्मी बाईकडे: तिची पाळी, तिची औषधं, नवरा वर्षातून किती महिने घरी असतो, पुढचं मूल कधी हवं. दोन्ही एकत्र आल्याशिवाय योग्य साधन ठरत नाही.

यावर डॉक्टरांकडून येणारा आक्षेप असा, की दुष्परिणाम सांगितले की बाया घाबरतात आणि काहीच वापरत नाहीत. ऐकायला पटतं. पण हे तपासून पाहिलेलं आहे. चीनमध्ये आणि मेक्सिकोत तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणाऱ्या काही स्त्रियांना पाळी अनियमित होईल, कदाचित बंदच होईल, आणि त्यात काळजीचं कारण नाही, हे आधी नीट समजावलं. इतरांना नेहमीसारखं त्रोटक सांगितलं. चीनमध्ये वर्षभरात इंजेक्शन सोडणाऱ्यांचं प्रमाण समजावलेल्यांत शंभरात ११ आणि इतरांत ४२ निघालं. मेक्सिकोत १७ आणि ४३. न सांगितल्याने भीती टळली नाही, ती फक्त दवाखान्यातून घरी गेली, जिथे उत्तर द्यायला शेजारीण तेवढी होती. निवडीबद्दलचा पुरावा याहून बोलका आहे. इंडोनेशियाच्या पूर्व जावा भागातल्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना मागितलेलं साधन मिळालं त्यांच्यापैकी वर्षभरात शंभरात ९ जणींनी ते सोडलं, आणि ज्यांच्या गळ्यात दुसरंच मारलं गेलं त्यांच्यापैकी ७२ जणींनी. डॉक्टरांनी निवडलेलं साधन कागदावर कितीही सरस असो, कपाटात पडून राहिलेली गोळी कुणाचे दिवस थांबवत नाही. रोजच्या व्यवहारातली चूकभूल धरली तर गोळीवर वर्षाला शंभरात ७ जणींना दिवस जातात, निरोधवर १३, तांबीवर एकीलाही क्वचितच. हे आकडे बाईला सांगायचे. तिच्या वतीने निर्णय घ्यायला ते वापरायचे नाहीत. निरोध यात मागे दिसतो, पण गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून बचाव या सगळ्यांत तोच एक करतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. सरकारी दवाखान्यातल्या सल्ल्यावर बाईने विश्वास का ठेवावा? आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. पुरुष नसबंदीचं नाव तेव्हापासून जे खराब झालं ते झालंच, आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला, जरी बिनटाक्याची पुरुष नसबंदी स्त्रीच्या ऑपरेशनहून सोपी आणि कमी जोखमीची असली तरी. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्या भागातल्या शिबिरांनंतर किमान तेरा बाया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचे आदेश दिले. संशय म्हणून अनाठायी नाही. पण या सगळ्या प्रकारांत बाईला किंवा पुरुषाला काही विचारलं गेलं नव्हतं, हेच तर त्यांचं मूळ आहे. आणि सगळं समजून घेऊन एखादीने ऑपरेशनच निवडलं, तर ती निवड उत्तमच; रोजची आठवण नाही, कुणाला दाखवायचं नाही, पुन्हा खर्च नाही. तिला फक्त हे कळायला हवं की ते कायमचं समजूनच करायचं असतं, नवऱ्याचंही करता येतं, आणि केंद्राच्या नियमांनुसार नवऱ्याची सही लागत नाही, मागितली गेली तरी.

राहिला वेळेचा प्रश्न. बाह्यरुग्ण विभागात दीडशे रुग्ण बसलेले असताना कोण समुपदेशन करणार? पण हे बोलणं डॉक्टरांनीच, एकाच बैठकीत करायचं असतं असं कुठे आहे? गरोदरपणात बाई चारदा तपासणीला येते. सिस्टर आणि आशाताई तेव्हा बोलू शकतात. प्रसूतीच्या टेबलावर, कळा चालू असताना तांबीला घेतलेला होकार हा होकार नव्हे. खरी अडचण वेळेपेक्षा एकांताची आहे. सासू शेजारच्या खुर्चीवर असेल तर बाई खरं सांगणार नाही; सासूला दोन मिनिटं बाहेर बसवणं हे डॉक्टरांचं काम. अविवाहित मुलींना हटकलं जातं, पण गर्भपाताच्या कायद्यातसुद्धा २०२१ च्या दुरुस्तीने साधन निकामी ठरण्याच्या कलमात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. अठरा वर्षांखालच्या मुलींबाबत पॉक्सो कायद्यामुळे डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन येतं, आणि तिथे हे बोलणं खरोखर अवघड होऊन बसतं. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचं लग्न झालंय का हा प्रश्न साधन ठरवायला लागतच नाही.

या सगळ्यात सर्वांत कमी बोललं जातं ते साधन सुरू केल्यानंतर. तांबी काढायला आलेल्या बाईला ‘थोडे दिवस बघा, सवय होईल’ म्हणून परत पाठवलं जातं. अंगावरून जाणं पहिल्या काही महिन्यांत कमी होतं हे खरं, आणि ते तिला जरूर सांगावं. तरीही ती काढा म्हणाली, तर त्याच दिवशी काढावी, कारण न विचारता, आणि दुसरं काय हवं ते विचारावं.