सह्यांच्या गठ्ठ्याने राष्ट्रपती ठरत नाही

डॉ. अब्दुल कलाम यांना पुन्हा राष्ट्रपती करा, ही मागणी जून २०१२मध्ये फेसबुकवर जोरात होती. ममता बॅनर्जींनीही ती उचलून धरली. अखेर कलामांनीच नकार दिला आणि विषय संपला. ‘लोकांनी लाखभर सह्या जमवल्या की अपक्ष उभा करता येतो’ हा समज मात्र संपलेला नाही. पुढची निवडणूक २०२७ला आहे, तेव्हा जोगेश्वरीत कोणी सह्यांचा कागद घेऊन दारात येण्याआधीच हे समजून घेतलेलं बरं.

सह्या लागतात, पण शंभरच. ५० सूचक, ५० अनुमोदक, आणि ते सगळे निवडून आलेले खासदार किंवा आमदार हवेत. वर १५ हजार रुपये अनामत. १९६७मध्ये तब्बल १७ उमेदवार होते. हौशे-गवशे आवरायला १९७४मध्ये दहा-दहा सह्यांची अट आली, १९९७मध्ये ती पन्नास-पन्नास झाली. तेव्हापासून प्रत्येक वेळी रिंगणात दोघेच उरतात. औषध जरा जास्तच झालं, असं माझं मत आहे.

‘अपक्ष राष्ट्रपती होऊच शकत नाही’ हेही खरं नाही. १९६९मध्ये व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणूनच निवडून आले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर. पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा गाठता आला नाही. देशमुख बाद झाल्यावर त्यांची दुसऱ्या पसंतीची मतं बहुतांशी रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. पण गिरींच्या पाठीशी खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. हा अपक्ष दिल्लीतून आला होता, चाळीतून नव्हे.

‘आमदार पक्षाच्या आदेशाबाहेर जाऊ शकत नाही’? इथे व्हिप लागू नसतो आणि मतदान गुप्त असतं. २००७मध्ये तर अख्खी शिवसेना रालोआत असूनही, रालोआने पाठिंबा दिलेल्या भैरोंसिंह शेखावतांना सोडून जळगावच्या प्रतिभाताई पाटलांमागे उभी राहिली. शेखावतही कागदोपत्री अपक्षच!

मग जोगेश्वरीकराचं मत कोणाच्या हातात? नगरसेवकाला मत नाही, विधान परिषदेच्या आमदारालाही नाही. जोगेश्वरी पूर्वच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५. तेही १९७१च्या लोकसंख्येवरून काढलेलं. खासदाराच्या मताचं मूल्य २०२२मध्ये ७०० होतं. आणि इथले, म्हणजे मुंबई उत्तर-पश्चिमचे खासदार २०२४मध्ये अवघ्या ४८ मतांनी निवडून आले.

रहिवाशांनी स्वतः ठरवलेला उमेदवार निवडून येतो, पण वॉर्डात. शेजारच्या जुहूत २००७मध्ये अॅडॉल्फ डिसोझा असेच नगरसेवक झाले. राष्ट्रपतिपदासाठी एखादं नाव खरंच मनात असेल, तर दारोदार फिरण्यापेक्षा आपल्या आमदाराला आणि खासदाराला गाठा. सूचक म्हणून सही करणार का, एवढंच विचारा.