इंजिन, जिन आणि जिनिंग

कारंजा लाड हे वाशिम जिल्ह्यातले गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून आणि जुन्या जैन मंदिरांसाठी महाराष्ट्राला परिचित आहे. ही वऱ्हाडातली कापसाची एक बाजारपेठही आहे. इंग्रजीतला ‘इंजिन’ हा रोजच्या वापरातला शब्द या भागात निदान तीन ठिकाणी रुजला: रेल्वेच्या रुळावर, शेतातल्या विहिरीवर आणि कापसाच्या कारखान्यात. कारखान्यात तर त्याने वेगळेच रूप घेतले, कारण कापसातली सरकी काढणाऱ्या ज्या यंत्राला आपण ‘जिन’ म्हणतो, त्याचा हा शब्द ‘इंजिन’चाच आखूड झालेला भाऊ आहे. परका शब्द भाषेत आला की तिची हानी झाली, असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. या एका शब्दाचा प्रवास नीट पाहिला तर वेगळे काही हाती लागते. शब्दाचा अर्थ त्याच्या मुळात अडकून राहत नाही. लोक त्याच्याकडून जे काम करून घेतात, त्यावर तो ठरतो.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘इंगेनियम’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ उपजत बुद्धी, कल्पकता. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तेव्हाही त्याचा अर्थ आधी हुशारी किंवा युक्ती असाच होता. पुढे युक्तीने बनवलेली वस्तू, मग तटबंदी फोडणारे युद्धयंत्र, असा तो सरकत गेला. अशी यंत्रे रचणारा तो इंजिनियर. अठराव्या शतकात न्यूकोमेनचे आणि नंतर वॉटचे वाफेचे यंत्र आले आणि ‘इंजिन’ म्हणजे शक्ती निर्माण करणारे यंत्र हा अर्थ पक्का झाला. याच शब्दाचे पहिले अक्षर गळून ‘जिन’ झाले होते आणि सापळा, ओझे उचलण्याचे साधन अशा वस्तूंना ते नाव होते. एली व्हिटनीने 1793 मध्ये अमेरिकेत सरकी वेगळी करणारे यंत्र बनवले, तेव्हा त्यालाही हेच नाव मिळाले.

सरकी काढणे भारताला नवे नव्हते. दोन रुळांमधून कापूस ओढून घेणारा लाकडी चरखा आपल्याकडे शतकानुशतके चालत होता. 1861 ते 1865 या काळातल्या अमेरिकी यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडाकडे सगळ्यांचे लक्ष वळले. मागणी वाढली तसा हातचरखा मागे पडला आणि शक्तीवर चालणारे कारखाने उभे राहिले. इथे रुजले ते मात्र व्हिटनीचे करवती दातांचे यंत्र नव्हे. 1840 मध्ये मॅकार्थीने काढलेल्या पद्धतीचे रुळाचे यंत्र इथे पसरले. त्यात चामड्याचा रूळ धागा ओढून घेतो आणि पाते सरकीला अडवते. आजच्या दुहेरी रुळांच्या जिनांचे तत्त्व तेच आहे. म्हणजे नाव परके असले तरी रुळाने कापूस ओढण्याची युक्ती आपल्या ओळखीची होती.

आता कापसाची सगळी वाट शब्दांच्या अंगाने पाहा. शेतात पऱ्हाटी उभी राहते, तिला डवरणी आणि निंदण लागते, बोंडे फुटली की वेचणी होते. कापसातून रुई आणि सरकी वेगळी होते. ढोबळमानाने शंभर किलो कापसातून एकतृतीयांश रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. सरकीचे तेल आणि ढेप होते, रुईची 170 किलोची गाठ बांधली जाते. या सबंध साखळीत इंग्रजी शब्द येतात ते मुख्यतः दोन जागी, जिन आणि गाठी बांधणारा प्रेस. नेमक्या याच दोन जागी बाहेरून नवे यंत्र आले होते. पीक, माल, मजुरी यांची नावे शेतकऱ्याने सोडली नाहीत. जिथे नवी वस्तू आली तिथेच नवा शब्द घेतला. आणि घेतलेला शब्दही त्याने होता तसा ठेवला नाही. इंग्रजीत ‘जिनिंग’ ही क्रिया आहे आणि कारखान्यासाठी ‘जिनरी’ असा वेगळा शब्द आहे. वऱ्हाडात ‘कापूस जिनिंगमध्ये नेला’ असे म्हणतात तेव्हा जिनिंग ही जागा असते. क्रियेचे नाव जागेला देण्याचा निर्णय इथल्या बोलणाऱ्यांचा आहे.

‘इंजिन’चेही असेच झाले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 113 किलोमीटरची अरुंद रुळांची लाइन कारंज्यावरून जाते. कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर पोचवणे हे तिचे मोठे काम होते. लोकांनी तिच्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेले वाफेचे इंजिन 1923 पासून तिला ओढत होते. 1994 मध्ये त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले आणि आता गाडीच बंद आहे. मराठीने रेल्वेला ‘आगगाडी’ असे सुंदर नाव दिले, पण तिला ओढणाऱ्या भागासाठी ‘इंजिन’च ठेवले. पुढे तेलावर चालणारे पंप शेतात आले. किर्लोस्करांनी 1946 मध्ये पुण्यात त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली, आणि ‘विहिरीवर इंजिन बसवले’ हे वाक्य गावोगाव रूढ झाले. वीज आल्यावर त्याच विहिरीवर ‘मोटर’ बसली. तेलावर चालते ते इंजिन, विजेवर चालते ती मोटर, हा भेद शेतकरी काटेकोर पाळतो आणि तंत्रज्ञही तो पाळतात. उलट इंग्रजीत पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीलाही मोटरच म्हटले जाते. घेतलेला शब्द अडाणीपणाने वापरला जातो या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

यावर पहिला आक्षेप शुद्धतेचा. ‘जिन’ हे मोडके रूप आहे, मूळ अर्थच खरा, असे कोणी म्हणेल. तसे असेल तर इंजिनाचा खरा अर्थ ‘बुद्धी’ मानावा लागेल आणि रेल्वेचे इंजिनही चुकीचे ठरेल. कारंज्यात तर या आक्षेपाचे उत्तर ग्रंथभांडारातच आहे. इथल्या जैन भांडारांनी अपभ्रंश भाषेतली हस्तलिखिते जपली. पुष्पदंताचे दहाव्या शतकातले ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. ‘यशोधर’चे ‘जसहर’ होणे ही संस्कृताच्या नजरेतून पडझड होती, म्हणून त्या भाषेला नावही अपभ्रंश मिळाले. पण शब्द झिजण्याच्या याच वाटेने आजच्या भाषा घडल्या. दुसरी शंका घोटाळ्याची. याच गावात ‘जिन’ म्हणजे इंद्रियांना जिंकलेला तीर्थंकरही आहे. तरी मंदिरातला जिन आणि कापसाचा जिन यांत कोणाची गफलत होत नाही, कारण संदर्भ अर्थ सांगतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशी मोकळीक दिली तर इंग्रजी शब्दांचा लोंढा मराठीला बुडवील, ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. ‘यंत्र’ शब्द असताना ‘इंजिन’ कशाला, हा प्रश्नही रास्त आहे. पण शिवणयंत्र, छपाईयंत्र ही सगळी यंत्रेच. त्यांना फिरवणारी शक्ती देणारे यंत्र वेगळे दाखवायला ‘यंत्र’ पुरत नाही. गरज होती म्हणून शब्द घेतला. याउलट संगणकावरच्या ‘सर्च इंजिन’साठी ‘शोधयंत्र’ हा शब्द नेमका आणि सोपा आहे, तो वापरायला हवा. कसोटी म्हणून हेच धरावे: शब्दाबरोबर नवी वस्तू किंवा नवा भेद आला का, आणि त्याला मराठीचे प्रत्यय लागून तो ‘इंजिनाला’, ‘जिनात’ असा बोलीत मुरला का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर तो शब्द मराठीच आहे. कापूस, वेचणी, भाव यांना बाजूला सारून येणारा शब्द या कसोटीवर टिकणार नाही. म्हणून ‘जिन’ आणि ‘जिनिंग’ यांना मराठी कोशांनी वऱ्हाडी अर्थासह सन्मानाने जागा द्यावी, आणि शाळेत शब्दांचा इतिहास शिकवताना बाजारपेठेतले असे शब्दही मुलांपुढे ठेवावेत. शब्द घ्यायचा की नाकारायचा हे ज्यांना स्वतः ठरवता येते, त्यांच्या भाषेला उसनवारीचे भय बाळगावे लागत नाही.