फवाऱ्यानंतरची चक्कर उन्हाची समजू नका

अमरावती-अकोल्याकडे पऱ्हाटीवर फवारा मारून आलेला माणूस चक्कर येते म्हणाला, की घरचे म्हणतात, "ऊन लागलं असन, पडू दे घडीभर." ही घडीच जिवावर बेतते. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाची बाधा झाली, की तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांना पाणी येते, दरदरून घाम फुटतो, मळमळते, छाती भरते, अंगाचे मांस फडफडते. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. मात्र बाहुली बारीक नाही म्हणून गाफील राहू नका; औषधे अनेक, लक्षणेही निरनिराळी.

अंगावरचे कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातात रबरी मोजे घालावेत. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. लगेच १०८ ला फोन करा. सोबत औषधाचा डबा न्या. दोन औषधे मिसळली असतील तर दोन्ही डबे. त्यावरूनच डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. मोनोक्रोटोफॉसवर अॅट्रोपिनचे इंजेक्शन आहे, प्रत्येक विषावर ते चालत नाही.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटलांनो, जवळच्या सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन आहे का, ते पोळ्याआधीच विचारून ठेवा.